जीवीफोईची सुरगाठ

जीवीफोईचा माणसांवर विश्वास नव्हता हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिचा खरा अविश्वास होता तो जोड्यांवर. जोडा हातात आला की आधी त्याचा वास घ्यायची, मग तळ अंगठ्याने दाबायची, टाच धरून पिळायची आणि ओट्याच्या कडेवर दोनदा आपटायची. एवढं करून म्हणायची, "ठेव तिकडे, बघते." "चांगला आहे" असं तिने एकाही जोड्याला म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि मी तिचा सख्खा भाचा, ठाकोर. फोई म्हणजे आत्या; माझ्या बापाची ही बहीण गावातल्या गावात दिलेली, तिच्या आणि माझ्या घरात एक कुडाची भिंत. चाळीस वर्षं मी तिची कुरकुर ऐकत झोपलोय.

आमचं कांठापोर गुजरातेत, पूर्णा नदीच्या तोंडावर आहे. भरती आली की पाणी दाराशी, ओहोटी लागली की कोसभर चिखल. आमची चूल त्या चिखलावरच पेटते. खुंटांना बांधलेल्या जाळ्यांत बोई आणि कोळंबी अडकते, बिळांत निवट्या असतात, आणि दोन्ही काढायला पायीच जावं लागतं, कारण तिथे होडी चालत नाही. त्यामुळे बाहेरगावचे लोक लग्न ठरवताना जेवढी चौकशी करत नसतील तेवढी आम्ही चिखलात काय घालून जायचं याची करतो.

अनवाणी गेलं तर जुन्या धक्क्याच्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात, ती तळवा उभा चिरतात. चपला तिसऱ्या पावलाला चिखल गिळतो आणि परत देत नाही. राहता राहिला गुडघ्यापर्यंतचा रबरी बूट. तो दिसायला सगळ्यात शहाणा आणि सगळ्यात हरामखोर. वरून चिखल आणि पाणी आत शिरतं, खालून चिखल ओढतो, आणि मग बूट पायाचा राहत नाही, पाय बुटाचा होतो.

फोईचे यजमान, नाथूफुआ, असा बूट घालूनच गेले. सुरतेच्या जुन्या बाजारातून त्यांनी तो आणला होता. गावातला पहिला. दोन महिने ते तो घालून देवळातसुद्धा जायचे. एका ओहोटीला उजवा बूट मांडीपर्यंत रुतला, भरती लागली, आणि आम्ही दोर घेऊन पोचलो तेव्हा त्यांची फक्त टोपी वर होती. याला अठ्ठावीस वर्षं झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. फोई पाणीही फुंकून प्यायला लागली.

तेराव्यानंतर ती बाजारात गेली आणि शाळेतल्या पोरांचे पांढरे कापडी बूट घेऊन आली. एक नंबर लहान. बुटाची मागची शिवण तिने वरपासून तळापर्यंत उसवली, दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं पाडली आणि जाळ्याच्या दोरीने ती टाच पुन्हा आवळून सुरगाठ मारली. गाठीची लांब शेपूट पोटरीवरून वर नेऊन कमरेला खोचायची. टाचेत तळाजवळ आणखी दोन भोकं, म्हणजे हवा आत जाते आणि चिखलाची पकड सुटते. तळाला काथ्या गुंडाळायचा, धक्क्याच्या शेवाळावर पाय ठरावा म्हणून. चालताना हा जोडा पायाला घट्ट, पण पाय रुतला आणि पाणी चढायला लागलं की शेपूट ओढायची. टाच उघडते. जोडा चिखलाला द्यायचा आणि पाय घेऊन यायचं.

त्यानंतर कांठापोरचा एकही माणूस चिखलात मेला नाही. मी स्वतः चार वेळा ती शेपूट ओढलेली आहे.

यात एकच गोम होती. गाठ चांगली बसली की नाही हे ओढून बघता येत नसे, कारण ओढली की ती उघडली, आणि उघडली की पुन्हा फोईकडे. ती अशी काही पिळून, दाबून बसवायची की चालता चालता सैल होऊ नये आणि ओढल्यावर अडू नये. हे आम्हाला कोणालाच जमलं नाही. दोरी पाण्याने ढिली पडते, म्हणून चार-पाच दिवसांनी जोडे फोईच्या ओट्यावर न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी उचलायचे. अकरा माणसांचे अकरा जोड, आणि बारावा तिचा स्वतःचा. जगात कोणावर विश्वास न ठेवणाऱ्या बाईवर आम्ही अकरा जण डोळे मिटून विश्वास टाकून होतो.

ती स्वतः मात्र बाजारात दुकानदाराला रडकुंडीला आणायची.

"किती दिवस टिकतील?"

"वर्षभर, मासी."

"आणि तू वर्षभर इथेच बसणार ना? की पावसाळ्यात बाजार बदलतोस?"

"शाळेतली पोरं यात कवायत करतात."

"कवायतीत कोणी बुडत नाही. दुसरा दाखव. हा नको, याच्या रबराला रॉकेलचा वास येतो. तो वरचा काढ. तू लपवलेला."

"लपवला नाही हो, वर ठेवलाय."

"वर कशाला ठेवलास मग?"

मी एकदा बोटं दुखतात म्हणून तक्रार केली, एक नंबर मोठा द्या म्हटलं. ती म्हणाली, "दुखू दे. दुखतात म्हणजे आहेत."

दोन वर्षांपूर्वी तिच्या धनसुखचं लग्न झालं आणि हंसू घरात आली. हंसू आमच्याच जातीची, पण नदीच्या वरच्या अंगाच्या गावची, जिथे काठाला रेती असते. तिकडचे लोक गुडघाभर स्वच्छ पाण्यात उभे राहून जाळं फेकतात आणि घरी जाताना पायसुद्धा धुवावे लागत नाहीत. आम्ही त्यांना रेतीवरचे म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

धनसुख ओखा बंदरातल्या मासेमारीच्या बोटीवर. नारळी पौर्णिमेला, म्हणजे आमच्या बळेवला, समुद्राला नारळ वाहिला की निघायचा, तो जेठ महिन्यात परत. म्हणजे घरात दोघीच. फोईला संशय घ्यायला आयतं माणूस मिळालं. हंसूने चहा पातळ केला तर दूध कुठे गेलं. दाट केला तर सासूला लवकर मारायची घाई. ती बहिणीशी फोनवर हळू बोलली तर काय लपवते, मोठ्याने बोलली तर कोणाला ऐकवते. बहीण सुरतेला दिलेली, साड्यांवर खडे लावायचं काम करणारी.

"तिचं मन सुरतेला गेलंय," फोई कुडापलीकडून मला सांगायची. "इथे भांडी घासायला नुसते हात ठेवलेत."

"हात तरी आहेत ना, फोई."

"तू हस. तुझ्या घरात नाही ती."

जोड्यांना तर हंसूने हात लावायचा नाही असा हुकूमच होता. धुवायचे, उन्हात ठेवायचे, बस. गाठीच्या जवळ बोट नाही. "रेतीवरच्यांना पाय काढायचा प्रश्नच पडत नाही," फोई म्हणायची. "हिला काय कळणार." हंसू एकदा सासूला म्हणाली होती (आमच्याकडे आईला आणि सासूला बा म्हणतात), "बा, शिकवाल तर कळेल." त्यावर फोईने तिच्याकडे असं बघितलं की बिचारीने हातातली पाटी ठेवली आणि आत गेली.

यंदा बळेव झाली आणि तीन दिवसांनी खुशाल अडकला. खुशाल म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचा, बोलघेवडा, अंगाने चांगला दणकट. खाडीच्या वळणावर डावा पाय पोटरीपर्यंत गेला, पाणी चढायला लागलं, त्याने शेपूट ओढली. गाठ उघडली नाही. पुन्हा ओढली, दोरी हातात तुटली, गाठ तशीच. सुदैवाने कमरेला जाळं कापायची सुरी होती. पाणी छातीला लागेपर्यंत तो खाली वाकून बूट कापत होता. तोंड पाण्याखाली, हात चिखलात. आला तेव्हा त्याच्या नडगीवर सुरीचे चार वार होते आणि जोड्याची कापलेली टाच मुठीत धरून तो सरळ फोईच्या ओट्यावर आला होता.

फोईने त्या फाटक्या जोड्याची टाच हातात घेतली. डोळ्याजवळ नेली. नखाने गाठ उकरून बघितली.

"ही निरगाठ आहे," शेवटी म्हणाली. "मी निरगाठ मारत नाही."

ते खरंच होतं. अठ्ठावीस वर्षांत नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

"कोणीतरी माझी गाठ सोडून ही मारली."

आम्ही त्यालाही माना डोलावल्या. मीसुद्धा. तेव्हा कोणाच्याही मनात दुसरा विचार आला नाही.

त्या दिवसापासून गाव बदललं. जो तो आपले जोडे फोईच्या ओट्यावर ठेवताना इकडेतिकडे बघायचा. ओट्यावरून कोण गेलं, कोण थांबलं, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, सगळं उकरून निघालं. खुशालचं आणि त्याच्या चुलतभावाचं खुंटाच्या जागेवरून भांडण होतं, म्हणून दोन दिवस चुलतभावावर संशय. मग तो बिचारा स्वतःच निरगाठीच्या भीतीने अनवाणी जायला लागला आणि कालवांनी तळवे चिरून घेतले, तेव्हा त्याच्यावरचा संशय उतरला. आता उरलं कोण?

फोईने युक्ती केली. आमच्या दर्यादेवीच्या, शिकोतर मातेच्या पूजेचा लाल दोरा असतो, त्याचा एकेक धागा तिने संध्याकाळी प्रत्येक गाठीत दिसणार नाही असा अडकवला. सकाळी बघितलं तर सात जोडांमधले धागे जागेवर नव्हते. काही जमिनीवर पडलेले, काही गाठीत पण उलट्या बाजूने. ओट्याच्या दाराला रात्री आतून कडी असते.

ती कुडाजवळ येऊन मला म्हणाली, "घरात माणसं दोन. एक मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे, फोई परसात दातण करायला जाते त्या वेळी, तिच्याच सांगण्यावरून मी कुडाच्या फटीला डोळा लावून बसलो. आपल्याच भावजयीवर असा डोळा लावायची मला लाज वाटली, हे खोटं सांगत नाही. पण बसलो. हंसू आली. ओट्यावर मांडी घालून तिने एक जोडा मांडीवर घेतला, टाच उजेडाकडे केली आणि गाठ बोटांनी चाचपली. तो बाजूला ठेवला. दुसरा घेतला. तो चाचपला, आणि सोडला. दोरी पुन्हा ओवली, पिळली, दाबली, शेपूट गुंडाळून ठेवली. तिसरा घेतला. मध्येच परसाकडे कान देऊन थांबायची. मला तिच्या चेहऱ्यावर कावा दिसला. दिसणारच, मी तोच बघायला बसलो होतो.

मी फोईला सांगितलं. त्यापुढे माझं काही काम नव्हतं.

फोईचा हिशेब तयारच होता. हिला माझं नाव बुडवायचंय. एक-दोन माणसं अडकली की गाव माझ्याकडे जोडे आणणार नाही. मग ही धनसुखला म्हणणार, आता इथे काय राहिलं, चला सुरतेला. "आणि त्यात एखादा मेला तर?" मी विचारलं. "मरू दे, तिचा कोण लागतो," फोई म्हणाली. हे सगळं इतकं नीट बसत होतं की मला त्यात एक फट दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोईच्या घरासमोरच्या शिकोतर मातेच्या ओट्यावर अकरा जोडेवाले आणि मोरारकाका बसले. मोरारकाका सगळ्यात वडील, गावात काहीही झालं की शेवटचा शब्द त्यांचा. फोई मध्ये बसली. हंसू खांबाला टेकून उभी होती, डोक्यावर पदर.

"जोड्यांना हात लावलास?" मोरारकाकांनी विचारलं.

"लावला."

"गाठी सोडल्यास?"

"सोडल्या."

"कशाला?"

हंसूने फोईकडे बघितलं. फोई समोर नदीकडे बघत होती. हंसू म्हणाली, "परत बांधायला."

दोघं-तिघं हसले. खुशाल म्हणाला, "वा, वहिनी. चांगली बांधलीत. माझी नडगी बघा." आणि त्याने पट्टी सोडून दाखवली. हंसूने त्या जखमेकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. आम्हाला वाटलं, पकडली गेली म्हणून रडते.

मोरारकाकांनी ओख्याला फोन लावायला सांगितला. मीच लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मागे बोटीच्या इंजिनाचा आवाज. धनसुखला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बा म्हणेल ते." आणि फोन ठेवला.

बा म्हणाली, भावाकडे धाडा. साडेतीनच्या बसने. जेठात धनसुख येईल तेव्हा बघू. जेठ दहा महिने लांब होता, आणि अशी धाडलेली सून जेठात परत येत नाही हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. हंसूलाही. ती घरात गेली. पिशवी भरताना पत्र्याच्या पेटीचा आवाज येत होता.

आम्ही बसची वाट बघत बसलो. खुशाल पुन्हा आपली कथा सांगायला लागला, तिसऱ्यांदा. बळेवला नारळ वाहिला, येता येता जोडे घेतले, घरी खुंटीला लावले, तीन दिवस पाहुण्यांमुळे जाणं झालं नाही, चौथ्या दिवशी गेलो तर हे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगतो, मी गप्प बसायचा विचार केला. फोईच्या भिंतीपलीकडे अजून मला वीस वर्षं झोपायचं होतं. पण तोंडातून निघून गेलं.

"खुशाल, जोडे ओट्यावरून उचललेस की फोईने दिले?"

"हातात दिले. शेपूट ढिली वाटली म्हणून मी म्हटलं जरा आवळा, तर माझ्यासमोर सोडून परत बांधून दिले."

"बळेवच्या दिवशी."

"बळेवच्याच. सांगतोय काय मी."

बळेवच्या दिवशी हंसू गावात नव्हती. भावाला राखी बांधायला गेली होती. धनसुख तिला तिकडे सोडून तिकडूनच ओख्याला गेला, आणि ती पाच दिवसांनी परत आली. खुशाल अडकला तेव्हासुद्धा ती तिकडेच. मी हे मोठ्याने म्हटलं. मोरारकाका बोटांवर दिवस मोजायला लागले, मग थांबले.

फोई उठून उभी राहिली. "ठाकोर, तू माझा भाचा की तिचा?"

"फोई, मी ते जोडे घालणारा माणूस आहे."

"म्हणजे मी निरगाठ मारली? मी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग आण. आण जोडा."

कोणी उठेना, तेव्हा तीच घरात गेली आणि जोडा घेऊन आली. सगळ्यांच्या मध्ये बसली, दोरी ओवली, पिळली, अंगठ्याने दाबली. हात भराभर चालत होते, अठ्ठावीस वर्षांची सवय. शेपूट खुशालच्या हातात दिली. "ओढ."

खुशालने ओढली. गाठ उघडली नाही.

"हिसका देऊ नकोस. नीट ओढ."

त्याने नीट ओढली. तिने जोडा हिसकावून घेतला, दातांनी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, या वेळी हळू. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बांधताना ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, मोजत असावी. मी पुढे होऊन स्वतः ओढली. दोरी ताणली गेली आणि गाठ दगडासारखी बसली.

मग ती आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघायला लागली. माघात त्या अंगठ्यात शिंगाळा माशाचा काटा घुसला होता, हात खांद्यापर्यंत सुजला होता. सूज उतरली तेव्हा आम्ही विसरलो. तिने अंगठा तर्जनीवर घासला, मग दगडावर घासला, मग दोरी चिमटीत धरून डोळे मिटले. चिमटीतून दोरी खाली पडली तरी तिची बोटं तशीच धरलेली होती. आयुष्यभर तिने अख्ख्या जगाकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने ती आता स्वतःच्या बोटांकडे बघत होती. मला ते बघवेना.

हंसू पिशवी घेऊन दारात आली होती. तिने सगळं बघितलं असावं.

फोईने मान वर न करता विचारलं, "कधीपासून?"

"होळीपासून."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्या नाही. काही बरोबर असतात. ज्या नसतात त्या."

"शिकलीस कुठे?"

"तुमच्या हाताकडे बघून. पहिल्या वर्षी हात चांगला होता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, रेतीवरची मला शिकवते." हंसूचा आवाज चढला. एवढ्या माणसांत तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. "आणि गावाला कळलं असतं तर कोणी जोडे आणले नसते. मग तुम्ही काय केलं असतंत, बा? माझ्यावर नजर ठेवण्याशिवाय तुमच्याकडे दुसरं काय उरलं असतं? भावाकडे गेले ते पाच दिवस मला झोप नव्हती. खुशालभाईंचं तिकडे कळलं तेव्हा मी जेवले नाही."

खुशाल खाली बघून नडगीची पट्टी बांधायला लागला. होळीपासून बळेवपर्यंत पाच महिने. अकराही जण मनात तेच मोजत होते. वैशाखात मी दोनदा शेपूट ओढली होती, आणि दोन्ही वेळा टाच अलगद उघडली होती. त्या दोन गाठी कोणाच्या, हे मला कधीच कळणार नाही. आणि मी त्या बाईवर फटीतून डोळा लावून बसलो होतो. मला शरम वाटली, आणि शरम वाटली की माणूस करतो तेच मी केलं. नदीकडे बघत बसलो.

साडेतीन वाजत आले होते. बसचा भोंगा वरच्या रस्त्याला ऐकू आला. हंसूने पिशवी खांद्याला लावली.

"कुठे निघालीस?" फोई म्हणाली.

"तुम्हीच धाडलंत."

"मी चुकले" हे दोन शब्द फोईच्या तोंडातून निघतील अशी आमच्यापैकी कोणाची अपेक्षा नव्हती आणि ते निघाले नाहीत. तिने खुशालला बाजूला सारलं, घरात गेली, स्वतःचे जोडे घेऊन आली, दोन्हींच्या गाठी दातांनी सोडल्या आणि हंसूच्या पायाशी ठेवले.

"बांध. उद्या सकाळची ओहोटी आहे."

हंसू हलली नाही. "आधी त्यांना फोन लावा," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत मला घालवायला सांगितलं, तसंच सगळ्यांदेखत लावा."

मी फोन पुढे केला. फोईने तो हातात घेतला, पण तिच्या बोटांना आकडे दाबता येईनात, म्हणून मीच लावून दिला. इंजिनाचा आवाज आला, मग धनसुखचा.

"धनसुख, ऐक," फोई म्हणाली. तिला नेहमीसारखं मोठ्याने बोलता येत नव्हतं. "माझी गाठ आता उघडत नाही. होळीपासून उघडत नाही. गावातली माणसं जिवंत आहेत ती तुझ्या बायकोच्या गाठींवर. खुशालची तेवढी माझी होती."

पलीकडे इंजिनाचा आवाज मागे पडला. मग धनसुख म्हणाला, "मग काय करायचं, बा? तू म्हणशील ते."

"मी म्हणत नाही. तिला विचार, ती राहणार का." आणि फोईने फोन हंसूसमोर धरला.

वरच्या रस्त्यावर बस थांबली, भोंगा वाजला, आणि ती निघून गेली. हंसूने पिशवी खाली ठेवली. फोन घेतला नाही. खाली बसून तिने फोईचा उजवा जोडा मांडीवर घेतला, दोरी ओवली आणि पीळ द्यायला लागली.

"त्यांना थांबायला सांगा," ती म्हणाली. "माझे हात गुंतलेत."

फोईने फोन तोंडाजवळ नेला आणि मुलाला सांगितलं, "थांब जरा." तो थांबला. हंसू सावकाश गाठ बांधत होती, आणि फोई फोन हातात धरून तिच्यासमोर उभी होती.